जुनी गाडी: आधी ब्रेक, मग इंजिन, आणि खोलण्याआधी मोजमाप

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून कर्रर्र आवाज यायला लागला. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीखाली गाडी उघड्यावर उभी असते. वाकून, चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं, तर ब्रेकचा पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासून ती थांबवणारा तुकडा) चांगला जाड दिसत होता. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर हलका गंज चढतो आणि सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला तो खरवडून निघतो, तेव्हा आवाज होतोच. म्हणून चार दिवस सोडून दिलं. पण आवाज संध्याकाळपर्यंत टिकायला लागला, तेव्हा गॅरेजवाल्या भाऊंकडे चाक काढलं. बाहेरचा पॅड 7 मिलिमीटर शिल्लक. आतला, जो फटीतून कधी दिसतच नाही, तो पार संपलेला आणि त्याची लोखंडी पाठ डिस्कवर घासत होती. डिस्कवर नख फिरवलं तर चरे जाणवत होते.

भाऊंनी कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, हाताने हलवून पाहिला. "पॅडचा दोष नाही हा. पिन जाम झालीय."

त्याच महिन्यात दुसऱ्या एका गॅरेजने इंजिनचा आवाज ऐकून सांगितलं होतं, "इंजिन काम निघालंय साहेब, रिंगा गेल्यात." रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या, दाब निसटू न देणाऱ्या कड्या. माझी गाडी 2010 ची, पेट्रोलवर सीएनजी किट बसवलेली, एमएच-03 पासिंगची. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून आरटीओ ती 5-5 वर्षांनी वाढवून देतं. या वयाच्या गाडीच्या मालकाला मुंबईत दोनच सल्ले मिळतात: काढून टाका, नाहीतर इंजिन करून घ्या. सल्ला देणारा बहुतेक वेळा काही मोजत नाही. ब्रेक असो की इंजिन, झिजेला आकडा असतो. तो आकडा वहीत उतरल्याशिवाय काही खोलू नये आणि काही बदलूही नये, एवढं मी या पावसाळ्यात शिकलो. तेच इथे नीट मांडतो.

ब्रेक काय करतो

ब्रेक गाडीची गती घेतो आणि तिची उष्णता करतो. माणसांसकट 1000 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबवली, की सुमारे 139 किलोज्यूल ऊर्जा चार चाकांतून उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्यात पाच-सहा कटिंग चहाचं पाणी उकळेल. वेग दुप्पट झाला, की ही उष्णता चौपट होते. म्हणून एलबीएस रोडवर ताशी 40 ने जाताना ठणठणीत वाटणारा ब्रेक एक्सप्रेसवेवर ताशी 80 ला कमी पडू शकतो.

ब्रेक दाबला, की गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात. छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो तो याचसाठी. डिस्क वाऱ्यावर उघडी असते, लवकर थंड होते. ड्रम बंद डब्यासारखा, उष्णता धरून ठेवतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच होते. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सीवाल्यांना पेडलवर पाय टेकवला, की कुठल्या चाकात काय बिघडलंय ते कळायचं. ते कसब आपल्यालाही थोडंफार शिकता येतं, फक्त पेडल काय सांगतंय ते माहीत हवं.

पेडल दाबलं, की बूस्टर पायाचा जोर वाढवतो. तो जोर मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर पडतो, ते बारीक पाइपांतून चाकाकडे ढकललं जातं आणि तिथला पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. द्रव दाबला जात नाही, यावर हा सगळा कारभार चालतो. त्यात कुठे हवा किंवा वाफ शिरली, की ती दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

म्हणून पेडल स्पंजसारखं लागत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर हवा आहे किंवा मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट सुटलंय. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. पायाखाली हळूहळू खाली सरकत गेलं, तर तेल बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली आहेत. बूस्टर तपासायचा असेल, तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, ते दगडासारखं होईल. तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप गेलाय. बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो, म्हणून घाटात इंजिन बंद करून गाडी उतरवणं ही सीएनजी वाचवण्याची युक्ती नाही. ती जिवाशी गाठ आहे.

पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी एकसारखी राहिलेली नाही. गाडी एका बाजूला खेचत असेल, तर आधी टायरची हवा बघा, मग कॅलिपर.

ब्रेक ऑइल, ज्याकडे कोणी बघत नाही

नाव ऑइल असलं तरी डॉट 3 आणि डॉट 4 (ब्रेक ऑइलचे ठरलेले दर्जे) हे तेल नव्हेच. ग्लायकोल जातीचा द्रव आहे तो. कोणी चुकून त्यात इंजिन ऑइल ओतलं, तर लाइनमधली सगळी रबरं फुगून निकामी होतात. या द्रवाची दुसरी खोड म्हणजे तो हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरल्यावरचा मानकातला किमान आकडा आहे 155. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर ब्रेक मारत उतरलात, की तापलेल्या कॅलिपरमधलं पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. गाडी पायथ्याला थांबून तासाभराने पाहिली, तर ब्रेक पुन्हा ठीक! वाफ थंड होऊन द्रव झालेली असते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

दर 2 वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, गाडी कितीही कमी चाललेली असो. नवं ऑइल फिकट पिवळं आणि पारदर्शक असतं. माझ्या डबीतलं टपरीवरच्या कोऱ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉटचा जो आकडा छापलेला असेल, तोच घ्या. डॉट 5 हा सिलिकॉनचा वेगळाच प्रकार आहे, तो यात मिसळायचा नाही. उघडून महिनोन्महिने ठेवलेली बाटली वापरू नका. रंगावर सांडलं, तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर पत्र्याचा रंग उचलतं.

ऑइलची पातळी खाली गेली म्हणून नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजले, की पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे ऑइल भरत जातं, म्हणून पातळी उतरते. पॅड किंवा गळती, दोन्हींपैकी एक कारण असतंच. ते शोधा.

पॅड बदलताना

नव्या पॅडचा घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटरचा असतो. 3 मिलिमीटरवर आला, की बदलायचा. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. ती ठरावीक झिजेनंतर डिस्कला टेकते आणि चिरका आवाज करते. तो आवाज इशारा असतो. माझ्यासारखा कर्रर्र आवाज आला, तर इशाऱ्याची वेळ टळलेली असते.

आता ती जाम पिन. छोट्या गाड्यांतला कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनेवरचं रबरी बूट फाटलं, आत पाणी गेलं, गंज चढला, की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. आमच्याकडची पावसाळी हवा आणि खाडीचा खारट वारा या पिनांना महिनोन्महिने खातो. भाऊंनी पिन पान्याने फिरवत बाहेर काढली, तर तिच्यावर तांबडी साल आली होती. त्यांनी ती बारीक पॉलिश पेपरने घासली, भोक कॉटन वेस्टने पुसलं, नवी बूटं बसवली आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. फक्त नवे पॅड टाकून गाडी दिली असती, तर आतला पॅड पुन्हा तसाच गेला असता.

डिस्कवर तिची कमीत कमी जाडी कडेला कोरलेली असते. व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी मोजून पाहावं. लेथवर फेस मारल्यावरही, म्हणजे चरे काढून सपाट केल्यावरही, जाडी त्या आकड्याच्या वर राहणार असेल, तरच फेस मारायचा. माझी राहत नव्हती. दोन्ही डिस्क बदलल्या. ब्रेकचं सामान नेहमी जोडीने बदलतात, डावं आणि उजवं एकत्र. एकच बाजू नवी केली, तर गाडी ब्रेकला खेचते. सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणा की ऑपेरा हाउसच्या बाजारातून, पाकिटावरचा पार्ट नंबर आपल्या गाडीच्या नंबराशी पडताळून बघा. ब्रेकच्या बाबतीत चोर बाजारातला जुना माल घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

स्वतः करणार असाल, तर गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. स्टँड लावा, उरलेल्या चाकांना ठोकळे लावा. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर चढतं, ते ओसंडणार नाही याकडे लक्ष ठेवा. आणि सगळं बसवून झाल्यावर, गिअर टाकायच्या आधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. इमारतीच्या आवारात मुलं खेळत असतात, त्यामुळे ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाजवळच्या निपलपाशी (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूपाशी) पारदर्शक नळी घेऊन. "दाबा... धरून ठेवा..." निपल किंचित सैल, बुडबुडे बाटलीत, निपल बंद, "सोडा". निपल बंद होण्याआधी पाय सोडला, की हवा पुन्हा आत जाते. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या गाडीचा क्रम पुस्तिकेत पाहून घ्या. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर गॅरेजवर सोपवा. नव्या पॅडवर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा हलक्या पायाने वेग उतरवा, मध्ये थंड होऊ द्या. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसतात.

मागचे ड्रम सावकाश झिजतात. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर व्हील सिलिंडर गळतोय. ऑइलने भिजलेले शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) पुसून वापरता येत नाहीत, बदलावेच लागतात. पाण्यातून गाडी काढल्यावर हळू चालवत ब्रेक हलका दाबून ड्रम सुकवायचे.

इंजिन: रिंगा की टॅपेट?

गाडी थंड सुरुवातीला मिस मारायची आणि चढावर पिकअप नव्हता. दुसऱ्या गॅरेजने रिंगांचं निदान केलं ते कानाने. भाऊंनी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं घड्याळ, काढला. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि जुनी गाडी ठेवायची की विकायची, हे तिच्याइतकं दुसरं काही सांगत नाही.

इंजिन गरम करून घेतलं. चारही प्लग काढले, इंधन आणि इग्निशन तोडलं. एका प्लगच्या जागी गेज बसवला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि स्टार्टर चार-पाच फेरे फिरवला. असं प्रत्येक सिलिंडरचं. आकडे आले 170, 165, 120, 170 पीएसआय (दाबाचं एकक). चांगल्या पेट्रोल इंजिनात हा आकडा बहुधा 150 ते 180 च्या दरम्यान असतो, गाडीगणिक फरक पडतो. पण एका आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा. तो 10-15 टक्क्यांच्या आत हवा. माझा तिसरा सिलिंडर उघड उघड मागे होता.

दाब दोनच मुख्य वाटांनी निसटतो: खाली रिंगांतून किंवा वर व्हॉल्व्हमधून, म्हणजे इंधन-हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांतून. ती वाट ओळखायला तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. ऑइल रिंगांच्या फटी थोडा वेळ बुजवतं. आकडा वर चढला, तर दोष रिंगांचा. नाही चढला, तर व्हॉल्व्हचा. गेजचा काटा 122 वर थांबला. म्हणजे रिंगा शाबूत होत्या.

कारण सीएनजीत होतं. सीएनजी कोरडं जळतं, व्हॉल्व्हची बसायची जागा त्याने लवकर झिजते. व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो, टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाची) फट मिटत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंद होणं थांबतं. तशीच गाडी चालवली, तर गरम वायू त्या फटीतून निसटून व्हॉल्व्ह जळतो आणि मग खरोखर हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडावं लागतं. भाऊंनी टॅपेट सेट केले. पुन्हा मोजलं, तिसरा 160. "रिंगा" घालायला निघालेलं इंजिन बाहेर काढावंच लागलं नाही. सीएनजी गाडीचे टॅपेट पुस्तिकेतल्या अंतराने तपासायलाच हवेत, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी आता भेटेल त्याला सांगतो.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले, तर संशय हेड गॅसकेटवर (हेडखालच्या सीलवर) घ्यावा.

गेज नसेल तरी दर रविवारी दहा मिनिटं पुरतात. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने ऑइलची पट्टी पाहा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधी साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय. पावसाळ्यात थोड्या थोड्या अंतरांच्या फेऱ्यांमुळे नुसती वाफ साचूनही ती येते, म्हणून पट्टीवरही तोच रंग आहे का आणि कूलंट कमी होतोय का, ते बघून मगच घाबरा. रेडिएटरचं झाकण फक्त थंड इंजिनावर उघडा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, गोडसर वासाचा दाट पांढरा म्हणजे कूलंट. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर धूर भसाभसा बाहेर आला, तर त्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तेव्हा रिंगांवर संशय घ्यायला जागा आहे, पण तिथेही आधी गेज.

गाडी गरम होत असेल, तर कुठे होते ते लिहून ठेवा. सायनच्या सिग्नलला काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, तर पंखा, त्याचा रिले किंवा सेन्सर पाहा. हायवेवरच चढतो, तर थर्मोस्टॅट, रेडिएटर किंवा वॉटर पंप. मुंबईत इंजिन चालतं जास्त आणि किलोमीटर पडतात कमी, म्हणून ऑइल मीटरच्या भरवशावर न ठेवता महिने मोजून बदलावं. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो वयानेही जातो. तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. आता सगळीकडे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, तेव्हा जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या चिरल्यात का, त्यांना वास येतोय का, तेही बघत जा.

पीयूसीची (धुराच्या प्रदूषण तपासणीची) पावती फेकू नका. बीएस-4 (प्रदूषणाचं मानक) पेट्रोल किंवा सीएनजी गाडीला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा आहे. पास झालं म्हणजे इंजिन चांगलं असं नाही. पण गेल्या वर्षी 40 असलेला हायड्रोकार्बनचा आकडा यंदा 150 आला, तर कुठेतरी इंधन अर्धवट जळतंय.

आणि पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस लागत नाही. हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेत नेहमीच्या पावसातही इंजिन पाणी पिऊ शकतं. पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढून पाणी उपसू द्या. बंद पडलेल्या क्षणी हात चावीपासून दूर राहिला, तर इंजिन बहुधा वाचतं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात आता एक शाळकरी वही असते. पावसाळा संपल्यावर भाऊंनी चाकं पुन्हा काढली आणि मी लिहिलं: डावा आतला 9, बाहेरचा 9. उजवा आतला 9, बाहेरचा साडेनऊ. पिना बोटाने सरकतात. कॉम्प्रेशन 170, 165, 160, 170. ब्रेक ऑइल नवं. टॅपेट पुन्हा मार्चमध्ये.